एसएटीचा स्कोअर आणि कॉलेजची फी: शिष्यवृत्ती देणाऱ्या अमेरिकन कॉलेजांची यादी कशी करावी

मुलगी अकरावीत गेली त्या उन्हाळ्यात आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून कॉलेजांची पहिली यादी केली. चहा होईपर्यंत दहा नावं लिहून झाली, कारण ती सगळी आधीपासून पाठच होती. हार्वर्ड, प्रिन्स्टन, एमआयटी, स्टॅनफर्ड, कॉर्नेल वगैरे. मग मी वहीत शेजारी एक रकाना आखला, ‘स्कोअरवर पैसे?’ (म्हणजे एसएटी या प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर शिष्यवृत्ती मिळते का), आणि संध्याकाळभर एकेका कॉलेजची साइट वाचत बसले. दहापैकी आठ ओळींत ‘नाही’ लिहिलं.

आयव्ही लीग या जुन्या, नामवंत गटातली आठही विद्यापीठं गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देत नाहीत. एमआयटी देत नाही. स्टॅनफर्ड खेळाडूंना देतं, अभ्यासू मुलांना नाही. तिथे मिळते ती गरजेवर आधारित मदत, आणि ती गरज आपण ठरवत नाही, त्यांचं सूत्र ठरवतं. न्यू जर्सीत दोन पगार, घराचा हप्ता आणि गावी आईवडिलांना पैसे पाठवणारं कुटुंब या सूत्रात बहुधा ‘गरज नाही’ याच खान्यात पडतं. नावाजलेल्या खासगी कॉलेजचा राहण्या-खाण्यासकट खर्च तर आता बऱ्याच ठिकाणी वर्षाला ९० हजार डॉलरच्या पुढे गेलाय.

म्हणजे १६०० पैकी १५८० मिळवलेल्या मुलाला त्या आठ कॉलेजांत स्कोअरसाठी छदाम मिळणार नाही, आणि १४२० मिळवलेल्या मुलीला दुसऱ्या एखाद्या कॉलेजात मोठी फीमाफी मिळेल. हे विचित्र वाटतं, पण त्यामागे सरळ व्यवहार आहे. ज्या कॉलेजच्या दारात दहापट रांग आहे, त्याला सवलत देऊन कोणाला बोलवायची गरज नाही. ज्याला चांगले विद्यार्थी हवेत, वर्ग भरायचे आहेत आणि क्रमवारीत वर सरकायचंय, ते कॉलेज स्कोअरवर पैसे मोजतं. खासगी कॉलेजांत नव्या विद्यार्थ्यांच्या ट्यूशनवर (म्हणजे कॉलेजच्या शिकवण्याच्या फीवर) सरासरी निम्म्याहून जास्त सूट दिली जाते. छापील किंमत फार थोडे लोक भरतात. आपली माणसं मात्र छापील किंमत बघून एकतर घाबरतात, नाहीतर निमूटपणे कर्ज काढतात.

पुढची पद्धत मी मुलीच्या वेळी चुकतमाकत शिकले आणि दोन वर्षांनी नाशिकच्या भाच्याच्या वेळी जरा शहाणपणाने वापरली. दोघांची परिस्थिती वेगळी होती, म्हणून दोन्ही बाजू लिहिते.

यादीच्या आधी घरचा आकडा

पहिलं काम नवरा-बायकोने दार लावून करायचं. वर्षाला आपण खिशातून किती भरू शकतो, हा एक आकडा ठरवायचा आणि त्याला चारने गुणायचं. धाकटं भावंड असेल तर त्याच्या वाट्याचे पैसे आधी बाजूला काढायचे. हा आकडा मुलाला सांगायचा. आपल्याकडे हे सांगायला संकोच वाटतो, ‘तू फक्त अभ्यास कर, पैशांचं आम्ही बघू’ असं म्हणायची सवय आहे. त्यामुळे एप्रिलमध्ये प्रवेश मिळालेला असताना नाही म्हणावं लागतं, आणि ते सतरा वर्षांच्या मुलाला फार लागतं. आकडा आधी कळला तर तोच मुलगा यादी करताना आपल्याहून व्यवहारी निघतो.

मग प्रत्येक कॉलेजच्या साइटवरचा ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ उघडायचा. २०११ पासून तो ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. उत्पन्न, बचत आणि घरातली माणसं भरली की अंदाजे आपल्याला पडणारी किंमत दिसते. एक मेख लक्षात ठेवा. जो कॅल्क्युलेटर जीपीए (शाळेतल्या गुणांची सरासरी) आणि एसएटी विचारतो, त्याच्या उत्तरात गुणवत्तेचे पैसे धरलेले असतात. जो हे विचारतच नाही, तो फक्त गरजेचा हिशोब करतो, आणि आपल्याला हवी ती माहिती त्यात नसते.

इथेच आपला कागदोपत्री दर्जाही वहीत लिहून ठेवा. मूल नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तर फाफ्सा, म्हणजे सरकारी (फेडरल) मदतीचा अर्ज, भरता येतो. मुलं एच-४ वर, म्हणजे एच-१बी नोकरदाराच्या कुटुंबाच्या व्हिसावर, असतील तर फेडरल मदत मिळत नाही, आणि राज्याच्या विद्यापीठात रहिवाशाची फी लागेल की परराज्याची हे राज्यागणिक बदलतं. ग्रीन कार्डच्या रांगेत पंधरा वर्षं उभ्या असलेल्या घरांसाठी म्हणून स्कोअरवरची शिष्यवृत्ती ही हौस उरत नाही, बहुतेक वेळा तेवढंच एक दार उघडं असतं.

पैसे कोणकोणत्या वाटेने येतात

सगळ्यात सरळ वाट तक्त्याची. कॉलेज साइटवर चक्क कोष्टक छापतं: आडव्या ओळीत जीपीए, उभ्या रकान्यात एसएटी किंवा एसीटी (तशीच दुसरी प्रवेशपरीक्षा), आणि चौकटीत डॉलर. तुमचं मूल त्या चौकटीत बसलं आणि मुदतीत अर्ज केला की पैसे नक्की. निबंध, मुलाखत, शिफारस काही नाही. दक्षिणेतली सरकारी विद्यापीठं यासाठी प्रसिद्ध आहेत. युनिव्हर्सिटी ऑफ अलाबामाचा तक्ता सगळ्यांना माहीत असतो. अलीकडच्या काही वर्षांत तिथे परराज्यातल्या विद्यार्थ्याला ३.५ जीपीए आणि १४२० किंवा वर एसएटी असेल तर वर्षाला २८ हजार डॉलर अशी ओळ होती. त्याच विद्यापीठात एके काळी त्या स्कोअरला पूर्ण ट्यूशन माफ होती. तक्ते असे आकसतात, म्हणून शेजाऱ्यांच्या मोठ्या मुलाला काय मिळालं हे विचारून उपयोग नाही. आपल्या मुलाच्या प्रवेशवर्षाचाच तक्ता बघायचा. हंट्सव्हिलमधल्या अलाबामाच्या दुसऱ्या विद्यापीठाचाही असा तक्ता असतो. नासाचं मार्शल केंद्र त्याच गावात आहे, आणि आपल्याकडच्या एरोस्पेसवेड्या मुलांना ते गाव भारतातून कोणी सुचवत नाही याचं मला नवल वाटतं.

दुसरी वाट म्हणजे ‘प्रवेशाच्या अर्जासोबत आपोआप विचार’. वेगळा अर्ज नसतो, पण तक्ताही छापलेला नसतो. पत्र आल्यावरच रक्कम कळते. बहुसंख्य खासगी कॉलेजं याच पद्धतीची, आणि त्यांचा अंदाज कसा काढायचा हे पुढे सविस्तर लिहिते.

तिसरी वाट स्पर्धेची. व्हर्जिनिया विद्यापीठातली जेफरसन, नॉर्थ कॅरोलिनातली मोरहेड-केन, व्हँडरबिल्टची कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट. वेगळे निबंध, मुलाखती, काही ठिकाणी शाळेकडून नामांकन. तिथे स्कोअर फक्त दारातून आत घेतो. अर्ज जरूर करा, पण घरच्या हिशोबात ही रक्कम शून्य धरा.

चौथी वाट राज्याची, आणि ती राहत्या पत्त्यावर अवलंबून आहे. फ्लोरिडात ब्राइट फ्यूचर्स ही शिष्यवृत्ती आहे: अलीकडच्या नियमांत ३.५ जीपीए, एसएटी १३३० आणि १०० तास सेवा किंवा नोकरी एवढं असेल तर राज्याच्या सरकारी विद्यापीठात ट्यूशनचा पूर्ण भार राज्य उचलतं. १२१० ची खालची पायरीही आहे. जॉर्जियात झेल मिलर: ३.७ जीपीए आणि १२०० एसएटी. ऑर्लँडो किंवा अटलांटाच्या उपनगरांतल्या मराठी घरांना हे माहीत असतं, पण टेक्सास किंवा मिशिगनहून नुकतंच तिथे आलेल्यांना नसतं. रहिवास आणि इमिग्रेशनच्या अटी आधी वाचा. याउलट कॅलिफोर्नियात यूसीची (राज्याच्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची) सगळी विद्यापीठं २०२१ पासून प्रवेशाला किंवा शिष्यवृत्तीला एसएटी बघतच नाहीत. फ्रीमाँट-सनीवेलच्या मुलांनी एसएटी द्यावी ती राज्याबाहेरच्या यादीसाठी.

टेक्सासची एक गंमत वेगळी सांगायला हवी. तिथल्या सरकारी विद्यापीठात परराज्यातल्या किंवा परदेशी विद्यार्थ्याला किमान १ हजार डॉलरची स्पर्धात्मक शिष्यवृत्ती मिळाली तर विद्यापीठ त्याला रहिवाशाची फी लावू शकतं. म्हणजे कागदावर १ हजार दिसतात आणि खरी बचत त्याच्या कितीतरी पट असते. यूटी डॅलसचा (टेक्सास विद्यापीठाच्या डॅलसमधल्या शाखेचा) विचार करताना म्हणून फक्त शिष्यवृत्तीची रक्कम बघू नका, फी कोणत्या दराने लागणार हे विचारा.

नॅशनल मेरिट: गणितात हुशार मुलं जिथे मार खातात

अकरावीच्या ऑक्टोबरमध्ये शाळेत पीएसएटी, म्हणजे एसएटीची पूर्वपरीक्षा, होते. आपण ती ‘सरावाची परीक्षा’ म्हणून सोडून देतो. पण नॅशनल मेरिट या देशपातळीवरच्या शिष्यवृत्तीची निवड त्याच एका परीक्षेवर होते. १३ लाखांहून जास्त मुलं बसतात, साधारण १६ हजार सेमीफायनलिस्ट होतात. संस्थेची स्वतःची शिष्यवृत्ती फक्त २,५०० डॉलर आणि तीही एकदाच. खरे पैसे देतात ती काही विद्यापीठं. अलाबामा आणि यूटी डॅलससारख्या ठिकाणी फायनलिस्ट मुलांसाठी मोठी पॅकेजेस असतात.

निवडीचा आकडा असा निघतो: वाचन-लेखनाचे गुण दुप्पट, त्यात गणिताचे मिळवायचे आणि बेरजेला दहाने भागायचं. माझ्या मुलीला वाचन-लेखनात ६७० आणि गणितात ७५० होते. १३४० अधिक ७५०, म्हणजे २०९. हेच गुण उलटे असते तर २१७ झाले असते. बेरीज दोन्हीकडे १४२०, पण इंग्रजीला दुप्पट वजन आहे. आपल्या घरांत सहावीपासून गणिताचे क्लास लावतात आणि वाचन ‘आपोआप होईल’ म्हणून सोडून देतात, त्याची किंमत इथे चुकवावी लागते. नववीत असलेल्या मुलाच्या आईवडिलांना माझा एकच सल्ला असतो: आणखी एक गणिताचा क्लास लावण्याआधी घरात एक चांगलं इंग्रजी मासिक सुरू करा.

शिवाय पात्रतेची रेषा राज्यानुसार वेगळी असते. न्यू जर्सी आणि मॅसॅच्युसेट्सची रेषा नेहमी सगळ्यात वरच्यांत. २०९ ला आमच्याकडे कोणी विचारलं नाही, आणि मोजक्या राज्यांत तोच आकडा त्या वर्षी पुरला असता. फायनलिस्ट झालेल्या मुलांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. कॉलेजने दिलेल्या मेरिट पॅकेजसाठी ते कॉलेज ‘पहिली पसंती’ म्हणून नॅशनल मेरिटच्या पोर्टलवर मुदतीत नोंदवावं लागतं. प्रवेश घेतला पण ही नोंद राहिली, तर पैसे गेले.

भारतात शिकणाऱ्या भारतीय नागरिकाला ही वाट नाही.

आपला स्कोअर कुठे किती मोलाचा

एसएटी १६०० ची आणि एसीटी ३६ ची. दोन्हींची सांगड घालणारा अधिकृत तक्ता २०१८ साली निघाला आणि बहुतेक कॉलेजांचे टप्पे त्यावरच बेतलेले असतात. त्यात १३६० पासून एसीटीचे ३० सुरू होतात, १४२० पासून ३२, १४९० पासून ३४. म्हणूनच शिष्यवृत्तीच्या तक्त्यांत १३६०, १४२०, १४९० असे ओबडधोबड दिसणारे आकडे पुन्हापुन्हा भेटतात. मूल या रेषेच्या दहा-वीस गुण खाली अडकलं असेल तर परीक्षा पुन्हा द्यावी. रेषेच्या वर बसलं असेल आणि पुढची रेषा सत्तर गुण लांब असेल तर ते शनिवार निबंधांना द्यावेत.

मुलीचा पहिला स्कोअर १४१० होता: ६६० आणि ७५०. यादीतल्या एका कॉलेजात १४१० आणि १४२० मध्ये वर्षाला ४ हजार डॉलरचा फरक होता. दहा गुणांचे चार वर्षांत १६ हजार! ऑगस्टमध्ये तिने पुन्हा दिली, ७०० आणि ७४० आले, बेरीज १४४०. आणि जिथे ‘सुपरस्कोअर’ धरतात, म्हणजे वेगवेगळ्या दिवशीचे प्रत्येक विभागातले चांगले गुण जोडतात, तिथे ७०० आणि ७५० मिळून १४५०. प्रवेशासाठी सुपरस्कोअर धरणारं कॉलेज शिष्यवृत्तीसाठीही धरतंच असं नाही. हा प्रश्न ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

स्कोअर देणं ऐच्छिक असलेल्या कॉलेजांत पाठवावा की नाही, हा कायमचा प्रश्न. माझा ठोकताळा असा: स्कोअर त्या कॉलेजच्या मधल्या आकड्याच्या वर असेल तर पाठवायचाच. प्रवेशाला स्कोअर ऐच्छिक आणि मोठ्या शिष्यवृत्तीला आवश्यक, असंही काही ठिकाणी असतं. ते शिष्यवृत्तीच्या पानावर सापडतं, प्रवेशाच्या पानावर सापडत नाही.

कॉमन डेटा सेट वाचायला शिका

या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा. बहुतेक कॉलेजं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचं तीस-चाळीस पानी दस्तऐवज साइटवर टाकतात. कॉलेजचं नाव आणि हे तीन शब्द एकत्र शोधले की सापडतं. दिसायला रुक्ष, आयकराच्या फॉर्मसारखं. पण तिथे जाहिरात नसते, नुसते आकडे असतात.

आधी ‘सी-९’ गाठा. तिथे प्रवेश घेतलेल्या मुलांचे एसएटीचे २५, ५० आणि ७५ टक्क्यांवरचे गुण असतात (७५ टक्क्यांवरचा आकडा म्हणजे शंभरातली पंचाहत्तर मुलं त्याच्या खाली). तुमच्या मुलाचा स्कोअर ७५ टक्क्यांच्या आकड्याच्या वर असेल तर तो त्या कॉलेजला हवाहवासा आहे. अगदी मधोमध असेल तर प्रवेश मिळू शकतो, पैशांची खात्री नाही.

मग ‘एच-२’ आणि ‘एच-२-ए’. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा रकाना धरायचा. ‘ए’ ओळीत एकूण विद्यार्थी, ‘सी’ ओळीत गरज असलेले. वजा केलं की गरज नसलेले, म्हणजे आपल्यासारखे. ‘एन’ ओळीत, गरज नसतानाही कॉलेजने गुणवत्तेवर पैसे दिलेले विद्यार्थी किती ते असतं, आणि ‘ओ’ ओळीत त्यांना सरासरी किती मिळाले.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. एकूण १,०५०, गरज असलेले ६००, ‘एन’ ३१५, ‘ओ’ २१ हजार डॉलर. गरज नसलेले उरले ४५०, त्यांतल्या ३१५ जणांना पैसे मिळाले. म्हणजे शंभरात सत्तर जणांना, आणि सरासरी २१ हजार. हे कॉलेज यादीत आलंच पाहिजे. दुसऱ्या एखाद्या कॉलेजची ‘एन’ ओळ १२ दाखवत असेल, तर त्यांच्या साइटवर विद्यार्थ्यांचे कितीही हसरे फोटो असोत, ते पैसे तुमच्यापर्यंत येणार नाहीत. मुलीच्या यादीतली चार नावं याच एका ओळीने कापली, आणि जी तीन नवी आली ती मी त्याआधी कधी ऐकलेलीही नव्हती.

भारतातून अर्ज करणाऱ्यांनी ‘एच-६’ बघायचं. परदेशी विद्यार्थ्यांना कॉलेज स्वतःच्या पैशातून मदत करतं का, किती जणांना, सरासरी किती, हे तिथे असतं. भाच्याला मी फोनवर ही ओळ शोधायला लावली. तो म्हणाला, “मावशी, इथे तर भोपळा आहे.” मग त्या कॉलेजवर पुढे वेळ घालवला नाही.

भाच्याच्या बाबतीत आणखी एक अडचण आली. अमेरिकन कॉलेजं नववी ते बारावी चारही वर्षांचे गुण मागतात. आपल्याकडे ज्युनिअर कॉलेजची अकरावी म्हणजे सीईटी-जेईईच्या क्लासचं वर्ष. कॉलेजची परीक्षा कोणी मनावर घेत नाही. त्याला दहावीला ९३ टक्के होते आणि अकरावीला ६८. जीपीए काढताना ती अकरावी आडवी आली आणि एका तक्त्यात तो एक चौकट खाली घसरला. अमेरिकेचा विचार थोडासाही असेल तर अकरावीची गुणपत्रिका बारावीइतकीच गंभीरपणे घ्या. महाराष्ट्र बोर्डाच्या टक्क्यांचा जीपीए ते कसा काढतात हे आंतरराष्ट्रीय प्रवेश विभागाला थेट विचारा. नेटवरचे टक्क्यांना २५ ने भागणारे फॉर्म्युले निरुपयोगी आहेत.

बारीक अक्षरं

शिष्यवृत्तीचं पत्र आलं की घरात पेढे आणतात. पेढे खाताखाता खालची अक्षरं वाचा.

टिकवण्याची अट सगळ्यात महत्त्वाची. दरवर्षी किती जीपीए राखायचा? ३.० ठीक आहे. ३.५ असेल आणि मूल इंजिनिअरिंगला जात असेल तर दहा वेळा विचार करा. पहिल्या वर्षीचं कॅल्क्युलस आणि फिजिक्स भल्याभल्यांना खाली आणतं. आमच्या ओळखीतल्या एका मुलाला ३.२५ हवे होते, वर्षअखेरीला ३.१८ झाले, आणि दुसऱ्या वर्षी १५ हजारांची शिष्यवृत्ती बंद झाली. जीपीए घसरला तर एक सेमिस्टर सावरायला मिळतं का, हे तुम्ही आधीच विचारून ठेवा. बहुतेक ठिकाणी सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट घ्यावे लागतात आणि पैसे आठ सेमिस्टरपुरते असतात. पाच वर्षांचा कोर्स किंवा मध्ये को-ऑप (कंपनीत काम करायचं सत्र) असेल तर त्याचं काय होतं, हाही प्रश्न विचारा.

रक्कम ठरावीक डॉलरची आहे की ट्यूशनच्या टक्क्यांत? ट्यूशन ४० हजार आणि शिष्यवृत्ती २० हजार असेल तर पहिल्या वर्षी तुमचे २० जातात. ट्यूशन दरवर्षी चार टक्क्यांनी वाढली तर चौथ्या वर्षी ती ४५ हजारांच्या आसपास असते, शिष्यवृत्ती २० हजारच राहते आणि तुमचे २५ जातात. टक्क्यांतली असेल तर ती फीबरोबर वाढते.

‘फुल ट्यूशन’ आणि ‘फुल राइड’ यांत हजारोंचा फरक आहे. पहिल्यात राहणं, जेवण आणि शुल्कं तुमची. करातही फरक पडतो: अमेरिकन कर नियमांनुसार ट्यूशन आणि पुस्तकांसाठी वापरलेली शिष्यवृत्ती करमुक्त असते, राहण्या-जेवणासाठीची करपात्र. ५२९ खात्यात (कॉलेजसाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात) पैसे साठवले असतील तर शिष्यवृत्तीच्या रकमेइतके पैसे दहा टक्के दंडाशिवाय काढता येतात, वाढीवर कर मात्र लागतो.

बाहेरच्या संस्थेची शिष्यवृत्ती मिळवली तर काही कॉलेजं स्वतःची मदत तितकी कमी करतात. अर्जांमागे शनिवार-रविवार घालवण्याआधी हे विचारलेलं बरं. आणि शिष्यवृत्तीची ‘गॅरंटी’ देऊन आगाऊ फी मागणाऱ्या सल्लागाराला चहा पाजून घरी पाठवा.

तारखा

इथे फार लिहिण्यासारखं नाही, पण चुका इथेच होतात. अकरावीच्या ऑक्टोबरमध्ये पीएसएटी, मार्च ते जूनमध्ये पहिली एसएटी, बारावीच्या ऑगस्टमध्ये दुसरी. नंतरची ऑक्टोबरची परीक्षा, लवकर अर्ज करायच्या १ नोव्हेंबरच्या ‘अर्ली अ‍ॅक्शन’ला बहुतेक कॉलेजं धरतात, पण तिच्यावर अवलंबून राहू नका. बऱ्याच ठिकाणी शिष्यवृत्तीची मुदत प्रवेशाच्या मुदतीच्या कितीतरी आधी संपते: प्रवेश १ जानेवारीपर्यंत, शिष्यवृत्तीसाठी मात्र १ नोव्हेंबर किंवा १ डिसेंबर. आमची एक मुदत अशीच हुकली. मी वहीत प्रवेशाची तारीख लिहिली होती आणि शिष्यवृत्तीची तारीख दुसऱ्याच पानावर होती. तेव्हापासून वहीत दोन रकाने आहेत.

‘अर्ली डिसिजन’ करू नका, निदान पैशांकडे बघून निवड करायची असेल तर नकोच. प्रवेश मिळाला तर जाणं बंधनकारक, आणि बाकीच्या कॉलेजांनी काय दिलं असतं हे कळायच्या आत दारं बंद होतात. अर्ली अ‍ॅक्शनमध्ये असं बंधन नसतं.

पत्रं हातात आल्यावर

मार्चअखेर सगळी पत्रं येतात. रक्कम बघून हुरळायचं नाही. आमच्याकडे एका कॉलेजने ३० हजार दिले होते, छापील खर्च ८८ हजार. दुसऱ्याने १८ हजार, खर्च ५२ हजार. पहिल्याचं पत्र जाड कागदावर, सोनेरी अक्षरांत. त्यात पदरचे जाणार ५८ हजार. दुसरं साधं ईमेल, त्यात ३४ हजार. वर्षाला २४ हजारांचा फरक, चार वर्षांत ९६ हजार. मुलीने हा हिशोब स्वतः एक्सेलमध्ये मांडला आणि सोनेरी पत्र मुकाट्याने फ्रिजवरून काढलं.

खासगी कॉलेजांना पुन्हा विचारता येतं. तशाच दर्जाच्या दुसऱ्या कॉलेजचं पत्र जोडून, ‘आमची पहिली पसंती तुम्हीच, पण फरक एवढा आहे, फेरविचार होईल का?’ असं मुलाने स्वतः, दहा ओळींत, नम्रपणे लिहावं. कधी दोन-चार हजार वाढतात, कधी ‘नाही’ येतं. प्रवेश सहसा धोक्यात येत नाही. तक्त्याने पैसे देणाऱ्या सरकारी विद्यापीठांत मात्र हे चालत नाही. निर्णय १ मेपर्यंत.

भारतातल्या मुलांना आय-२० साठी, म्हणजे विद्यार्थी व्हिसाला लागणाऱ्या कॉलेजच्या दाखल्यासाठी, पहिल्या वर्षाच्या खर्चाइतके पैसे दाखवावे लागतात. शिष्यवृत्तीची रक्कम त्यातून वजा होऊन आय-२० वर नोंदली जाते, आणि बँकेत दाखवायची रक्कम तेवढी कमी होते. म्हणून आय-२० मागण्याआधी शिष्यवृत्ती पोर्टलवर रीतसर स्वीकारलेली असावी.

अर्ज केला त्या दिवशी शिष्यवृत्तीच्या पानाची पीडीएफ काढून तारखेसह ठेवा, पत्रं ठेवा, ईमेलची उत्तरं ठेवा. भाच्याचं पहिलं बिल ऑगस्टमध्ये आलं तेव्हा त्यात शिष्यवृत्तीची ओळच नव्हती. नाशिकला रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि बहिणीचा आवाज रडवेला झाला होता. मी त्याला फोल्डरमधलं पत्र आणि पोर्टलवरची स्वीकृती जोडून बर्सरच्या (फी बघणाऱ्या) ऑफिसला दोन ओळींचं ईमेल पाठवायला सांगितलं. सकाळी उत्तर आलं: कागद दुसऱ्या विभागात अडकला होता, सुधारित बिल जोडलंय.